क्रीट बेटावरचं तेल आणि आपली तेलाची बरणी



आमच्या रेडिओ केंद्रावर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. शहरात नोकरीला असलेला मुलगा किंवा भाचा सणाला घरी येताना ऑलिव्ह तेलाची बाटली आणतो. म्हणतो, "आई, आता यातच फोडणी घाल, हृदयाला चांगलं असतं." बाटली महिनाभरात संपते. दुकानात विचारावं, तर आपल्या शेंगदाणा तेलाच्या कितीतरी पट भाव. मग ज्या घरात कुणाला बीपी आहे किंवा कुणाच्या छातीत एकदा दुखून गेलंय, त्या घरच्या बाईला वाटतं, पैसे नाहीत म्हणून आपण घरच्या माणसाच्या जिवाची हेळसांड तर करत नाही ना?

हा प्रश्न मनाला लागणारा आहे. म्हणून या तेलाचं इतकं नाव कसं झालं, त्याची गोष्ट आज सांगतो. गोष्ट आहे भूमध्य समुद्राच्या काठची, आणि तिचा एक मोठा तुकडा आहे थेट बर्फाच्या देशातला.

ऑलिव्ह म्हणजे हिंदीत ज्याला जैतून म्हणतात ते फळ. बोरापेक्षा थोडं मोठं, झाडावरून काढून तसंच खाल्लं तर कडू जहर. ग्रीस, इटली, स्पेन, तुर्कस्तान, पॅलेस्टाइन या भागांत हजारो वर्षांपासून त्याचं तेल काढतात. तिथे हे तेल अंगाला लावत, दिव्यात घालत, देवापुढे जाळत. आपल्याकडे तिळाच्या तेलाला जसा मान, तसा तिकडे याला. पण 'हृदयाला चांगलं' ही त्याची ओळख मात्र जुनी नाही. ती जेमतेम सत्तर वर्षांची आहे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ग्रीस पार कंगाल झाला होता. त्या देशाच्या दक्षिणेला क्रीट नावाचं मोठं बेट आहे, डोंगराळ आणि खडकाळ. १९४८ साली अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशन या संस्थेने तिथे पाहणी केली. लोक कसे राहतात, काय खातात, त्यांची स्थिती सुधारायची तर काय करावं लागेल, हे त्यांना पाहायचं होतं. लीलँड ऑलबॉ नावाच्या माणसाने त्यावर पुस्तक लिहिलं, ते १९५३ साली आलं.

त्या घरांमधलं ताट कसं होतं? जवाची दोनदा भाजलेली कडक भाकरी, पाण्यात किंवा तेलात भिजवून खायची. डाळी, वाटाणे, पावटे. बायकांनी डोंगरातून खुडून आणलेल्या रानभाज्या. ऑलिव्हची फळं, फळफळावळ, शेळीचं थोडं दूध आणि चीज, कधीतरी मासळी. मांस सणासुदीला. आणि या सगळ्यावर सढळ हाताने ऑलिव्हचं तेल, कारण पैसा नसला तरी झाडं घरची होती.

त्या रानभाज्यांमध्ये एक भाजी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. आपण जिला घोळ म्हणतो, बांधावर आणि परड्यात आपोआप उगवते ती जाड पानांची भाजी, तीच क्रीटच्या बायकाही खुडतात. हे आम्हाला कळलं तेव्हा फार गंमत वाटली.

पण त्या लोकांना स्वतःचं जेवण आवडत होतं का? पाहणी करणाऱ्यांनी विचारलं तेव्हा बहुतेक घरांनी सांगितलं की आम्हाला मांस जास्त मिळायला हवं. म्हणजे पुढे ज्या ताटाची जगभर वाहवा झाली, ते गरिबीचं ताट होतं आणि खाणाऱ्यांना त्यातून बाहेर पडायचं होतं. नाचणी आणि वरईच्या भाकरीला ज्यांनी एकेकाळी नाकं मुरडली आणि आता जी शहरात पाकिटातून विकली जाते, तिची आठवण यावी अशीच ही तऱ्हा.

आता अमेरिकेत काय चाललं होतं ते पाहू. तिथे युद्धानंतर खाण्यापिण्याची चंगळ होती आणि धडधाकट, चांगल्या पगाराचे पुरुष पन्नाशीत हृदयविकाराच्या झटक्याने जात होते. मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांना याचं कोडं पडलं होतं. १९५१ साली रोममध्ये एका बैठकीत नेपल्स शहरच्या एका प्राध्यापकाने त्यांना सांगितलं, आमच्याकडे हृदयविकार ही काही अडचणच नाही, स्वतः येऊन बघा.

पुढच्या वर्षी कीज गेले, आणि त्यांच्यासोबत गेल्या त्यांच्या पत्नी मार्गारेट. मार्गारेट कीज या स्वतः रसायनशास्त्र शिकलेल्या. नेपल्समध्ये लोकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजण्याचं काम त्यांनी केलं. गोष्ट सांगताना लोक नवऱ्याचंच नाव घेतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. त्यांना आढळलं की साध्या कामगारांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी आणि मांसलोणी रोज परवडणाऱ्या श्रीमंतांच्या रक्तात जास्त.

त्यावरून मोठा अभ्यास उभा राहिला, त्याला 'सात देशांचा अभ्यास' म्हणतात. १९५८ पासून अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान या देशांतल्या १६ ठिकाणच्या १२,७६३ माणसांना तपासलं आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. कोण काय खातो, रक्तदाब किती, विडी-सिगारेट किती, कोण कशाने गेला.

हे सगळेच्या सगळे ४० ते ५९ वयाचे पुरुष होते. बाई एकही नव्हती. ऑलिव्ह वेचणारी, भाजी खुडणारी, ताट वाढणारी बाई, आणि मोजमाप मात्र पुरुषाच्या छातीचं. 'हृदयविकार हा पुरुषांचा आजार' ही समजूत त्या काळात फार घट्ट होती आणि आजही आपल्या घरांमध्ये ती पुरती गेलेली नाही. पाळी गेल्यानंतर बाईलाही हा धोका वाढतो. तिच्या बाबतीत कधी छातीत कळ येण्याऐवजी धाप लागते, पाठ किंवा जबडा दुखतो, मळमळतं, विलक्षण थकवा येतो, आणि घरचे म्हणतात, पित्त झालं असेल.

अभ्यासात सगळ्यांत कमी हृदयविकार क्रीट बेटावर निघाला. सगळ्यांत जास्त फिनलंडच्या पूर्व भागात. आणि इथे खरी मेख होती. दोन्हीकडचे लोक स्निग्ध पदार्थ भरपूर खात होते, अंगाला मिळणाऱ्या एकूण ताकदीपैकी जवळपास ४० टक्के ताकद त्यातूनच यायची. म्हणजे 'तेलतूप जास्त खाल्लं की हृदयविकार' एवढा सोपा हिशेब नव्हता. फरक प्रकारात होता. फिनलंडमध्ये लोणी, साय आणि डुकराची चरबी. क्रीटमध्ये ऑलिव्हचं तेल. लोणी, चरबी, पामतेल यांच्यात ज्याला संपृक्त स्निग्ध म्हणतात तो भाग जास्त असतो. तो खाण्यात वाढला की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. ऑलिव्हच्या तेलात तो भाग कमी आणि ओलेइक आम्ल नावाचा दुसरा भाग जास्त, साधारण ५५ ते ८३ टक्क्यांपर्यंत.

या अभ्यासावर टीकाही झाली. कीज यांनी देश आपल्या सोयीने निवडले, असं काही जण म्हणतात. फ्रान्ससारखा लोणी-चीज खाणारा देश त्यात नव्हता. शिवाय क्रीटचे लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस त्यांचे उपवासाचे, म्हणजे मांस, दूध, अंडी बंद. आणि तो शेतकरी दिवसभर डोंगर चढत-उतरत होता. मग त्याला वाचवलं कशाने? तेलाने, भाजीने, उपवासाने की चालण्याने? आमच्या मते एकट्या तेलाच्या गळ्यात हार घालणं बरोबर नाही. याला पुरावाही क्रीटमधूनच मिळाला. पुढच्या काळात तिथे गाड्या आल्या, मांस वाढलं, कष्ट कमी झाले. तेल मात्र घरचं तेच होतं, तरी तिथल्या माणसांची वजनं वाढली आणि कोलेस्टेरॉलही वाढलं.

पण ताट विकता येत नाही, बाटली विकता येते. १९९० नंतर अमेरिकेत 'भूमध्य आहारा'वर मोठमोठ्या परिषदा भरल्या, त्यांना पैसा पुरवणाऱ्यांत ऑलिव्ह तेलाच्या व्यापाराची आंतरराष्ट्रीय संस्था होती. २००४ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्याने बाटलीवर एक वाक्य छापायला परवानगी दिली, तीही हात राखून. पुरावा मर्यादित आहे, पक्का नाही, पण रोज साधारण २ मोठे चमचे म्हणजे २३ ग्रॅम ऑलिव्ह तेलाने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. आणि पुढे अट: हे तेल संपृक्त स्निग्धाच्या जागी घ्यायचं, वरून घ्यायचं नाही. जाहिरातीत पहिला अर्धा भाग मोठ्याने ऐकू येतो, अट कुणाच्या कानावर जात नाही. वड्यावर तूप, भाजीत डालडा आणि शिवाय चमचाभर ऑलिव्ह, असं केलं तर त्याचा उपयोग नाही.

पुढचा टप्पा स्पेनमधला. २००३ पासून तिथे ७,४४७ लोकांवर प्रयोग झाला, त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. सगळे वयस्क, मधुमेह किंवा रक्तदाबासारखा धोका असलेले. तीन गट केले. एकाला ऑलिव्हचं उत्तम तेल, घराला आठवड्याला लिटरभर, फुकट. दुसऱ्याला अक्रोड, बदाम, हेझलनट फुकट. तिसऱ्याला तेलतूप कमी खाण्याचा सल्ला. २०१३ साली निकाल आला की पहिल्या दोन गटांत हृदयविकार, पक्षाघात मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी. जगभर वर्तमानपत्रांत मथळे झळकले.

हे ३० टक्के म्हणजे किती, ते माणसं मोजून सांगतो. तिसऱ्या गटात वर्षाला हजार माणसांमागे ११ जणांना असा त्रास झाला, तेलाच्या गटात ८ जणांना. हजारात तिघं वाचली. जास्त फायदा पक्षाघातात दिसला. ही लहान गोष्ट नाही, पण जादूही नाही.

आणि मग २०१८ साली तो निबंध मागेच घ्यावा लागला. कारण अगदी गावाकडचं आहे. असा प्रयोग खरा ठरायचा तर कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरावं लागतं. एका भागात लोक कुरकुर करू लागले, शेजारच्या घरात फुकट तेल येतं आणि आम्हाला नुसता सुकामेवा नाहीतर किरकोळ भेटवस्तू का? तिथल्या संशोधकाने भांडण मिटवायला एकेका गावाला सरसकट एकच गट देऊन टाकला आणि ते कुणाला सांगितलं नाही. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुठल्याही बाईला हे पटकन समजेल. पुढे ती माणसं वेगळी काढून हिशेब पुन्हा केला. निकाल जवळपास तोच आला, पण दावा जपून मांडला गेला.

आता बर्फाच्या देशात जाऊ. आमच्या मते या सगळ्या गोष्टीतला आपल्या बचत गटांनी ऐकावा असा भाग हाच.

फिनलंडच्या पूर्वेला उत्तर करेलिया नावाचा जिल्हा आहे. जंगलं, तळी, लाकूडतोडे आणि गाईम्हशींऐवजी फक्त गाई पाळणारे शेतकरी. सात देशांच्या अभ्यासात सगळ्यांत वाईट निकाल याच भागाचा होता. घराघरांत चाळिशी-पन्नाशीतली विधवा. १९७१ साली तिथल्या लोकप्रतिनिधींनी आणि संस्थांनी सरकारला निवेदन दिलं, आमची माणसं मरताहेत, काहीतरी करा. १९७२ मध्ये काम सुरू झालं. त्याची धुरा पेक्का पुस्का नावाच्या २७ वर्षांच्या डॉक्टरकडे आली.

दवाखान्यात बसून सल्ला देऊन लोक ऐकत नाहीत, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. तिथे लोणी म्हणजे जीव की प्राण. पावावर लोणी, कालवणात चरबीचं मांस, वर मीठ. भाजीपाला हा गुरांचा चारा, अशी पुरुषांची समजूत. मग त्यांनी मदत मागितली ती 'मार्ता' या गृहिणींच्या संघटनेकडे. ही संघटना १८९९ सालापासूनची, गावोगाव शाखा असलेली. बायकांनी गावात संध्याकाळचे मेळावे सुरू केले, त्यांना नाव दिलं 'दीर्घायुष्याची मेजवानी'. तिथे थोडं बोलणं, पण मुख्य म्हणजे रांधणं आणि सगळ्यांनी मिळून जेवणं. नेहमीचं कालवण त्यांनी टाकून दिलं नाही. त्यातलं मांस कमी केलं, बटाटा, गाजर, कंदमुळं घातली, मीठ उतरवलं. चव लोकांना आवडली तेव्हा ते घरोघरी शिजू लागलं.

हे सोपं झालं नाही. तो दूधदुभत्याचा मुलूख. लोणी कमी खा म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय. दूधवाल्यांचा विरोध झाला. मग तिथे काय केलं? थंडीमुळे ऑलिव्हचं झाड तिथे जगत नाही. परदेशातून बाटल्या मागवायच्या म्हटलं तर परवडणार कुणाला? त्यांनी आपल्याच थंडीत येणारं मोहरीच्या जातीचं पीक वाढवलं आणि त्याचं तेल स्वयंपाकात आणलं. काही दूधवाल्यांना बोरांसारख्या रानफळांच्या लागवडीकडे वळवलं. तंबाखू सोडवणं, रक्तदाब तपासून गोळ्या चालू ठेवणं, हेही सोबतीला होतं.

पुढच्या चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. सगळं श्रेय या एका प्रकल्पाचं नाही, साऱ्या फिनलंडमध्येच मृत्यू घटत होते आणि औषधंही सुधारली होती. पण ऑलिव्हचं एक झाड नसलेल्या मुलखात हे झालं.

मग आपल्या बरणीत काय आहे? शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल साधारण ४० ते ५० टक्के, म्हणजे ऑलिव्हचा गुण त्यातही बराच आहे. तिळाच्या तेलातही ते चांगलं आहे. करडईच्या तेलात दुसऱ्या प्रकारचा, तोही कोलेस्टेरॉल उतरवणारा भाग भरपूर. जवसात आणि आपल्या घोळीच्या भाजीत ओमेगा-३ जातीचं आम्ल असतं, म्हणून जवसाची चटणी ताटातून घालवू नका. ऑलिव्हच्या उत्तम तेलात आणखी एक गोष्ट असते, फळातला कडवटपणा. उष्णता आणि रसायन न वापरता काढल्यामुळे तो तेलात उतरतो, आणि त्याचाही उपयोग होत असावा असं संशोधक मानतात. ज्यांना परवडतं त्यांनी ते जरूर खावं, कोशिंबिरीवर घालावं. ज्यांना परवडत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

खरं लक्ष दुसरीकडे द्यायला हवं. १९३७ पासून आपल्याकडे डालडा आला आणि तुपाच्या जागी बसला. तेल यंत्रात घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं, ते हृदयाला लोण्यापेक्षाही वाईट. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल-वनस्पतीत ते २ टक्क्यांहून जास्त असायला बंदी आहे. पण तेच तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवलं की ते बिघडतं. गटाचा नाश्त्याचा किंवा भज्यांचा स्टॉल असेल तर काळं पडलेलं तेल उद्यासाठी ठेवू नका. आणि महिन्याला घरात किती लिटर तेल येतं, खाणारी तोंडं किती, हा भागाकार एकदा करून बघा.

सुटं तेल घेताना मात्र सांभाळा. स्पेनमध्येच १९८१ साली कारखान्यांसाठी आलेलं, खाण्याला अयोग्य केलेलं तेल ऑलिव्हच्या नावाने पाच-पाच लिटरच्या बिनलेबलच्या डब्यांतून फेरीवाल्यांनी स्वस्तात विकलं. सुमारे २० हजार माणसं आजारी पडली, तीनशेहून जास्त दगावली. दिल्लीत १९९८ साली मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याची भेसळ होऊन माणसं गेली. त्यामुळे तेल आपल्यासमोर गाळून देणारा ओळखीचा घाणेवाला, नाहीतर सीलबंद पिशवी, यापैकी एक धरा.

रक्तदाब तपासून घ्यायला आरोग्य उपकेंद्रात पैसे पडत नाहीत. चालू असलेली गोळी तेल बदललं म्हणून बंद करू नका. आपल्या गटात घाण्याचा व्यवसाय करायचा झाला तर यंत्र कुठलं, पेंडीचं काय करायचं, याबद्दल पुढच्या भागात बोलू. तुमच्या गावात कुणी लाकडी घाणा चालवत असेल, तर आम्हाला जरूर कळवा.